शेवटची ठाऊक तारीख

बांबोळीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली बादली असते त्या खोलीत
डॉ. प्रियोळकरांनी मला शून्य शिकवलं.
वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

"शाणू वेळीप जानेवारीत आला,
फिलोमेना रिबेलो ऐन चवथीत.
पण ज्याचा-त्याचा पहिला डायलिसिस
तो त्याचा शून्य. कॅलेंडर विसरा."
बावीस वर्षं मी नोंदी ठेवल्या त्या कॅलेंडर बघून.
बाईंनी सगळ्यांना एका काठावर आणलं,
दिवाडीच्या धक्क्यावर कुणी कधीही येवो,
फेरी सुटते तेव्हा सगळे एकदम सुटतात, तसं.

मग पडद्यावर जिना आला.
कुणी गेलं की रेघ एक पायरी खाली,
कुणी नाही गेलं तर सपाट.
माझा बाप रेंदेर. माडाला पाडलेल्या खाचांतून
तो दिवसातून तीनदा वर जायचा, तीनदा खाली.
हा जिना फक्त उतरतो.
सुरुवातीच्या पायऱ्या बुटक्या, शेवटच्या गुडघाभर.
"शेवटी माणसं जास्त मरतात?" मी विचारलं.
"नाही. उरलेली कमी असतात."

आणि सेन्सॉर्ड.
मला वाटलं, सिनेमातलं चुंबन कापतात ते.
बाई हसल्या. म्हणाल्या, ज्यांचं पुढचं आपल्याला दिसलं नाही ते.
फिलोमेना लेकीमागून इंग्लंडला गेली, पासपोर्ट बदलून.
ती मेली असं लिहायचं नाही,
जगली असंही नाही.
अकरा महिने, आणि पुढे अधिकचं चिन्ह.
निदान अकरा. एवढंच आपल्याला ठाऊक.
तेवढे दिवस तिचे; तेवढे हिशेबात धरायचे,
मग तिला हलकेच छेदातून उतरवायचं.

रेघेवर ती चिन्हं बारीक कुरसांसारखी दिसतात.
आमच्याकडे कुरीस मेलेल्यांचा.
इथे मात्र तो, ज्याचं मरण कुणी पाहिलं नाही त्याचा.

रात्री फेरीत रेलिंगला टेकून उभी होते.
पुंडलीक, माझा भाऊ, तारवटी.
मोंबासाहून एक कार्ड, १९९४, पाऊस पडतोय असं लिहिलेलं.
आईनं रेशनकार्डावरचं त्याचं नाव काढू दिलं नाही,
पण साखर त्याच्या वाटणीची कधी मागितली नाही.
आईला कुणी शिकवलं होतं हे?

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर अट लिहिली:
जाणाऱ्याचं जाणं आणि त्याचं मरण
यांचा एकमेकांशी संबंध नसावा.
मी हात वर केला.
"बाई, गावडोंगरीहून इथे यायला दोन बस लागतात.
माणूस बरा असला तर येतो.
यायचं थांबतो तो कशामुळे थांबतो?"
बादलीत थेंब पडत राहिले.
"अट आहे," त्या म्हणाल्या. मग, "सिद्ध करता येत नाही."
मग खडू ठेवून, "फोन नंबर आहेत ना तुमच्याकडे?"

होते. सव्वीस अधिकचिन्हं, सव्वीस नंबर.
सात बंद.
दोन ठिकाणी मालकच बदललेला.
डिचोलीच्या रोहिदासची बायको म्हणाली,
"तुम्हांला कुणी कळवलं नाही?
शेवटचं तुमच्याकडून आले, त्याच्या आठव्या दिवशी."
मी कुरीस खोडला. पायरी लिहिली.
हात धुतले, कारण नसताना.

गावडोंगरीचा फोन एका पोरानं उचलला.
मागे कोंबडी ओरडत होती.
"आजो बागायतींत गेला."
कधी?
"आतांच."
डायलिसिस?
"काणकोणांत. मंगळारा."
मग मोठ्यानं, बागायतीकडे तोंड करून,
"आजो, बांबोळेंच्यान कोण तरी विचारता, तूं आसा काय म्हूण!"

उत्तर मला ऐकू आलं नाही.
एकोणीस अधिकचं एकतीस अधिक केलं.
बाईंनी पुन्हा बटण दाबलं,
आणि एकोणीसपुढच्या पायऱ्यांची उंची
केसभर कमी झाली.
पडद्याला नाक लावून मी पाहिली.
अधिकचं चिन्ह तसंच होतं, एकतीसच्या पुढे,
काजू गोळा करत.