फुसके

चतुर्दशीला आमच्या तांबळडेगात
उजाडायच्या आत पोरं कारीट फोडतात,
डाव्या पायाच्या अंगठ्याने, तुळशीपुढे, गोविंदा म्हणत,
आणि मग पुळणीवर येऊन उरलेलं सगळं फोडतात.
वाजतं ते वाजतं.
जे वाजत नाही ते वाळूत पडून राहतं,
वात काळी, पोट भरलेलं.

पोरं फॉव खायला घरात गेली
की मला वीसेक मिनिटं मिळतात.
रंगाची जुनी बादली, कडी तुटलेली,
लाटेतून अर्धी भरून घेतो.
खाऱ्या पाण्यात दारू मरते.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा.

तेव्हा मी अकरा वर्षांचा. दुधाच्या पावडरीचा डबा,
त्यात चौदा फुसक्यांची दारू.
देवगडपर्यंत मासळीच्या टेम्पोत,
सुरमयांच्या मधोमध मांडीवर हात धरून.
पुढे ओरोसला.

शाळेत बोलावतात, सहामाही संपते त्या दिवशी.
बाई फळ्यावर लिहितात: सुती कपडे, लांब काडी, जवळ पाणी.
पोरं फळा बघत नाहीत. माझी बोटं मोजतात.
गेल्या खेपेला मालंडकरांच्या सैशाने विचारलं, "दुखलां?"
म्हटलं, तेव्हा नाही.
दुखलं ते सहा महिन्यांनी,
बाबांनी फाटकं जाळं पुढ्यात टाकलं
आणि साधी गाठ मला बसेना.
आता दातांनी बसवतो. दिवसभर तोंडाला नायलॉनची चव.
बाईंनी घाईघाईने टाळ्या वाजवायला सांगितल्या.

आज पुळणीवर माझ्याआधी सैशा.
केस तेलाने चपचपीत, कपाळाला कारिटाची बी,
हातात प्लास्टिकची पिशवी.
मी काही बोललो नाही. बादली खाली ठेवली.
त्यानेच एकेक सोडले. सुतळीचे गोळे आधी तरंगतात,
मग फुगतात, हिरवा रंग सोडतात, बुडतात.
"सतरा," तो म्हणाला.

त्याचा एक खिसा फुगला होता.
मी हात पुढे केला. हाच.
करंगळी आणि तिच्या शेजारचं.
एक लाट आली, गेली. दुसरीने आमचे पाय भिजवले.
त्याने खिशात हात घातला, बराच वेळ बाहेर काढला नाही.
मग दोन बोटांत अठरावा ठेवला,
त्याच्या अंगाने ऊबदार झालेला.

बादली काठाला धरून दोघांनी उचलली.
"काका, फॉव खाल्लंस?"
"नाय."
"मगे चल. आवशीन गूळफॉव केल्यान."