सहज नेता येईल असा

जाहिरातीत तसंच छापलं होतं, आणि चित्रात
एक बाई पर्स लटकवावी तसा तो घेऊन निघालेली.
हॅलिफॅक्सच्या आमच्या शेडमध्ये तो टेबलावर चढवायला
दोघी लागत: मी आणि विनी ऑल्डरसन.
आत चार व्हॉल्व्ह, डांबरानं लिंपलेली थोरली बॅटरी,
आणि काचेच्या डब्यात ॲसिड,
जे दर पंधरवड्याला सायकलवाल्याकडे चार्जिंगला न्यायचं,
सरळ धरून, काठोकाठ दुधासारखं.

मालक अँब्रोज सगडन. त्याचा बाप शवपेट्या करायचा.
यानं त्याच रंध्यानं रेडिओच्या पेट्या केल्या,
तेच सांधे, तेच पॉलिश,
पितळी कड्या तर जुन्या साठ्यातल्याच.
"वजन पेलायची सवय आहे त्यांना," म्हणायचा,
आणि एकटाच हसायचा.

माझं काम झाकणातलं.
लाकडी चौकटीवर हिरव्या रेशमातली तार,
वेढ्याशेजारी वेढा, नखानं सरकवत. बासष्ट.
एकसष्टला कुणी हाक मारली
की सगळं उलगडा, पुन्हा एक.
चार वर्षं मी त्याचे कान विणले
आणि तो काय ऐकतो ते मला ठाऊक नव्हतं.

एकोणतीसच्या जूनमध्ये सगडन म्हणाला,
एक घेऊन जा माळावर, कसा चालतो सांग.
विनीच्या बहिणीच्या बाबागाडीत घालून नेला.
चढावर दूधवाला भेटला, वाकून बघितलं,
"बापावर गेलंय," म्हणाला.

वर गवतात झाकण उघडलं. डॅव्हेंट्रीहून
कुणी गृहस्थ वाटाण्याच्या किडीबद्दल बोलत होते,
अगदी माझ्या गुडघ्याशी बसून.
पेटी जरा वळवली, आवाज बारीक झाला.
आणखी वळवली, गेला.
झाकण स्टेशनला सामोरं केलं की मुकं,
कड दाखवली की बोलतं.
विनी सँडविच खात होती. मी पेटी फिरवत राहिले.

सोमवारी सगडनला लिहून दिलं:
आवाज उत्तम. चाकं हवीत.

हे लिहिलं नाही, की ॲसिडनं स्कर्टला भोक पाडलं,
आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बाप बटाटे सोलत होता.
मी रोज त्याच्या समोर बसायची,
रोज विचारायची, आणि तो रोज सालीकडे बघायचा.
त्या दिवशी स्टूल उचललं
आणि त्याच्या बाजूला ठेवलं, खांद्याला खांदा,
दोघांची तोंडं भिंतीकडे.
बराच वेळ नुसती सुरी.
मग त्यानं फ्रान्समधल्या एका खेचराचं नाव सांगितलं.
ते चिखलात कसं उभं राहायचं, ते.
एवढंच.
बटाटे किती झाले, मी मोजले नाहीत.