कळ

यास्ना, हे बघ. ह्या बाटलीत जे आहे
ते तुझ्या अंगातही असतं,
अंग अजून सोडायला तयार नाही, एवढंच.
हा पंप. थेंब मोजतो.
दर अर्ध्या तासाने मी येईन, कळ दाबून थोडं वाढवेन.
दहा मिनिटांत पाचाच्या वर कळा गेल्या
तर वाढवणार नाही, उलट कमी करेन.

बाहेर सामुद्रधुनीवरचा वारा.
पुंता अरेनासच्या चौकात आज दोर बांधलेत,
माणसं दोर धरून बँकेत जातात.
तिचा नवरा खेकड्यांच्या बोटीवर, वारा पडला तर पोचेल.
सासूचं सूप खिडकीत निवतंय.

"किती वेळ?"
माहीत नाही. उद्याची संध्याकाळसुद्धा होईल.
लघवीला जाऊन ये. डाव्या कुशीवर हो.

मध्यरात्री ती म्हणते,
"त्याला यायचंच नव्हतं. आपण ओढून काढतोय का?"
माझा हात पंपावर तसाच.
वार थकत चाललीय, यास्ना.
बेचाळीस आठवडे होतील उद्या.
ओढत नाही आपण. दार वाजवतोय,
आणि तो कसा आहे ते सारखं ऐकतोय.

एकोणीस वर्षांपूर्वी, ह्याच मजल्यावर,
माझ्या पोटावरचे ठोके अचानक बंद झाले.
चार मिनिटं मी मेलेल्या बाळाची आई होते.
मग कुणीतरी आलं, सरकलेला पट्टा वर ओढला,
ठोके लागले, आणि ते माणूस गेलं.
एक शब्द नाही.
जाताना दिवाही मालवला.

हे मी तिला सांगत नाही. एवढंच सांगते:
पट्टा सरकतो. आवाज गेला तर हाक मार,
मी आधी पट्टा बघेन, मग बाकीचं.

जरा कळ काढ, असं म्हणायची पद्धत आहे आमच्यात.
मी सोडून दिली.
कळ तिची. काय चाललंय
ते तिला कळवत राहायचं, माझं काम तेवढं.

चार वाजता खोली गप्प झाली.
मी कॉरिडॉरमधून धावले,
शेजारच्या खाटेची चादर हातातच.
दारात पोचते तर ठोके परत चालू,
घोडा दौडावा तसे.
"सरकला होता," ती म्हणाली,
तिचाच हात पट्ट्यावर.
आणि पुढची कळ आली तशी तिने माझं मनगट धरलं,
चौकातला दोर धरावा तसं.

चढली. टोकाला गेली. उतरली.
मी घड्याळ बघितलं. अर्धा तास झाला होता.
ह्या खेपेला वाढवलं नाही.