काटा स्थिरावू दे

सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीनं पिवळा पडलेला माऊस.
बाबालाल ‘नोंद करा’ दाबतो
सात वेळा,
बंद दारावर थापा माराव्यात तसा.
एका पोत्याच्या सात पावत्या निघायच्या,
अडते माझ्या नावानं शंख करायचे.

म्हणून उंबऱ्यावर गाळणी बसवली.
पहिली टिचकी आत.
बाकीच्यांना ओट्यावर बसवलं:
काटा स्थिरावू दे,
मग एकेकीला बोलावतो.

आता पावती एकच येते.
बाबालाल अजून सातदाच दाबतो,
त्याचं समाधान.

काल रात्री लॉग चाळला.
ओट्यावरच्या टिचक्या, वेळेसकट.
त्यांत एक ‘रद्द करा’ होती,
दुपारी चार बाराची,
एकदाच दाबलेली.

तिला बोलवायचं
मी लिहिलंच नव्हतं.