ओल वजा

वाळपईच्या बाजारामागे
आमचं काजूबी घ्यायचं दुकान.
रात्री दोनला मी खाली उतरते,
दिवा न लावता
पोत्यांच्या काट्यावर उभी राहते.

पत्रा थंड असतो. तळव्यांना बरं वाटतं.
आकडे तांबडे, अंधारात ठळक:
अठ्ठ्याहत्तर किलो, चारशे.
परवा अठ्ठ्याहत्तर, दोनशे होते.
एवढं काय खाल्लं मी?
पेज, आणि तोरांचं लोणचं.

बांबोळीचा डॉक्टर पोरसवदा, गोड बोलतो.
म्हणाला, मावशी, वजन उतरवा,
आणि झोप सात तास तरी हवी,
ही दोन्ही एकमेकांचा हात धरून चालतात.
मी मान डोलावली.
सांगितलं नाही, की माझ्या घरी
त्यांतलं एकच मुक्कामाला आहे.

गोळी पांढरी, मसुरीएवढी,
रोज जेवणानंतर, पाच वर्षं.
तिसरं चालू आहे.
एकच्या सुमाराला अंगातून वाफ निघते,
हुर्राकाच्या भाटीचं झाकण उचलल्यासारखी.
पंखा, पदर, उशीची दुसरी बाजू,
मग उशीची पहिली बाजू.
शेजारी नवरा घोरतो.
पूर्वी राग यायचा. आता हेवा वाटतो.

गाव म्हणतं, कुमुदबाय, बरी भरलीस हां!
तेव्हा कशी काडी झालेलीस.
त्यांच्या लेखी मी परत आलेय,
गेले त्याहून थोडी जास्तच आलेय.
मी हसते, चहा देते.
साखर फक्त त्यांच्या कपात.

धंद्याचा नियम साधा आहे.
बी ओली असली तर मुठीत कळते,
वाजत नाही.
पोत्यामागे दोन किलो, कधी तीन,
मी ओल म्हणून वजा करते.
विकणारा कुरकुरतो, पण त्याला पटतं.
रात्री काट्यावर तोच हिशेब माझा:
गोळीचं किती धरायचं,
पाळी एकदम थांबली तिचं किती,
सुजलेल्या डाव्या हाताचं किती,
भीतीचं किती.
ती वाजत नाही, म्हणजे ओलीच असणार.

आणि डावीकडचं काढलं तेव्हा
ते किती भरलं?
कोणी सांगितलं नाही.
बत्तीस वर्षं वजनाचा धंदा,
आणि एवढं विचारायचं राहिलं.

तीनला नातिविदादचा मेसेज येतो, केप्याहून:
न्हिदली गो?
एका वॉर्डात होतो आम्ही, खिडकीकडच्या दोन खाटा.
तिचं वजन उतरतंय,
आणि तिला ते मुळीच आवडत नाही.
मी लिहिते, ना.
ती लिहिते, हांवूंय ना.
पुढे काही नसतं.
बाहेर बोंडवांचा आंबूस वास,
इकडे असतो तसाच तिकडेही असणार.

काल भर दुपारी
छपराचे पत्रे तडतडत होते,
मी पोत्यांना टेकले आणि गेलेच.
म्हणजे झोपले.
जाग आली तेव्हा साडेचार.
गालावर गोणपाटाची जाळी उमटलेली,
तोंड उघडं, पदर कुठल्या कुठे,
सपाट बाजू आल्यागेल्याला दिसलेली असणार.
कोपऱ्यात आधी नव्हती अशी तीन पोती.
माझ्या वहीत तीन हस्ताक्षरं:
उसो माजिक, बेचाळीस.
सुकांती गावस, साडेसदतीस.
तिसरं नाव लागेना,
पण आकड्यापुढे लिहिलं होतं, ओल वजा दोन.

उसोने काही वजा केलं नव्हतं.
त्याच्या पोत्यात हात घातला,
मूठभर काढली, कानाशी हलवली.
वाजली नाही.

राहू दे म्हटलं.
बेचाळीसचे पैसे मोजून
त्याच्या नावाने बाजूला ठेवले.