चुन्याची रेघ

नवऱ्याने सावंतवाडीच्या भंगारवाल्याकडून चार चाकं आणली.
अलॉयची. पुरात बुडालेल्या कुठल्याशा गाडीची.
रविवारी सकाळी खळ्यात मांडून
खोबरेल लावून पुसत बसला.
सासूबाई म्हणाल्या, एवढं तेल कधी
माझ्या गुडघ्यांच्या वाट्याला आलं नाही.

मी शाळेची व्हॅन चालवते, उभादांडा ते कॅम्प.
बारा पोरं, बारा दप्तरं,
आणि वळण आलं की ओकणारा गिरपांचा शार्दूल.
मला चकाकीशी काय करायचंय?
तरी गेले, खाडीपुलाजवळ, इनासच्या गॅरेजवर.

"तोंडान सांगूक येवचा नाय गो,
मापूक व्हया."
त्याने आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
जुनं चाक त्यावर पालथं घालून
चार भोकं खिळ्याने उतरवली,
आणि तोच पुठ्ठा नव्या चाकावर धरला.
भोकावर भोक. चारही.
नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही ती भोकं त्यानेच पाडली होती.

इनास मात्र मधल्या मोठ्या भोकाशी अडला.
चाक हबवर ठेवलं, फटीत नख घातलं.
नख आत गेलं.
"सैल. साठाच्या वर स्टेअरिंग थरथरतला."
मला लग्नाआधीची कासारीण आठवली,
मूठ दाबून हाडांचं माप घेणारी:
घट्ट काकण फुटतं, बाय,
सैल काकण विहिरीत जातं.
मध्ये रिंग घालून भागेल, इनास म्हणाला,
कुडाळहून मागवू.
पण रुंदी अजून बघायची राहिली.

पुढची दोन चाकं चढवली.
स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत.
कुठेच काही लागेना.
"रिकामी गाडी खोटा बोलता," असं म्हणत
त्याने पानाच्या चंचीतून चुन्याची डबी काढली,
टायरच्या कडेला बोटाने चुना फासला.
चुना लावणारे आयुष्यात पुष्कळ भेटले,
भंगारवाला त्यातला ताजा.
समोर बसून, सांगून लावणारा हा पहिलाच.

"आता तुझी बारा पोरां घाल."
रविवारी पोरं कुठून आणू?
मग इनासची आई मार्तिनबाय बसली,
लिलावावरून परतणाऱ्या दोघी टोपल्यांसकट बसल्या,
बर्फाच्या दोन लाद्या, एक ओलं जाळं,
आणि सगळ्यात मागे, गुडघे छातीशी घेऊन, माझा नवरा.
"भाडा घेतलंस तर उतरतंय," गोदावरी म्हणाली.
डबक्यात म्हैस बसावी
तशी गाडी खाली बसली.

जांभ्याचा चढ. पूर्ण वळण.
गतिरोधकावरून मुद्दाम धाडकन.
तव्यावर सुरमई पडावी तसा
आतून आवाज आला.
टोपल्यांवरच्या दोघीही गप्प झाल्या.

इनास मोबाइलचा उजेड धरून वाकला.
मडगार्डच्या आत, काळ्या पत्र्यावर,
वीतभर पांढरी रेघ.
मी बोट फिरवलं, चुना ओलाच होता.
जुलैतला रस्ता डोळ्यांपुढे आला,
तो बंदराकडचा उतार, बारा डबे खडखडतायत,
शार्दूल खिडकीशी,
आणि याच जागी रोज थोडं थोडं सोललं जाणारं रबर.
"काढ," मी म्हटलं.

जुनी लोखंडी चाकं परत चढली,
खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली, रंग उडालेली.
मार्तिनबाय उतरायला तयार नव्हती.
तिला बाजारापर्यंत सोडावं लागलं.
कितीला आणली होतीस, हे मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

चाकं अजून खळ्यात आहेत, झावळांखाली.
दर रविवारी तेल.
जत्रेत, लग्नाच्या हॉलबाहेर, पेट्रोल पंपावर
हा माणूस परक्या गाड्यांशेजारी उकिडवा बसतो,
नट मोजतो.
परवा नणंदेकडची मंडळी चहा पीत होती,
तेवढ्यात बाहेर जाऊन आला,
काखेत तो आंब्याचा पुठ्ठा.
माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला,
"भोकं जुळतायत.
फक्त मधलं बघायचंय."