सिलिका जेल

तुर्भ्याच्या गोदामात, शेड क्रमांक चार,
उजव्या भिंतीला लागून
दोनशे अठरा खोकी.
प्रत्येकावर काचेचा पेला, उघडी छत्री
आणि वर जाणारे दोन बाण.

वर म्हणजे कुठे, ते दिल्लीत ठरायचं होतं.

माझं काम सोपं.
दर सोमवारी मोजायची, सही करायची.
दर तिमाहीला सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या.
निळे दाणे गुलाबी झाले
की समजायचं, खाडीची हवा आत येऊन गेली.
वेळेवर काम करणारं खातं तेवढं एकच.

लिलाव जानेवारीत, असं कळलं होतं.
जानेवारीत कळलं, मार्चअखेर.
मग किंमत एका मंत्रालयाला कमी वाटली,
दुसऱ्याला जास्त,
तिसऱ्याच्या ताब्यात लहरी होत्या
आणि त्यांचा हात सुटत नव्हता.
मग मंत्र्यांचा गट. मग गटातले एक आजारी.
मग निवडणूक, आचारसंहिता, नवे मंत्री,
नव्या मंत्र्यांना फाईल समजावून सांगणं.

लहरी मी कधी पाहिल्या नाहीत.
डोक्यावरून जातच असतील रोज,
आतले दिवे मालवून
डेपोकडे निघालेल्या बसगाड्यांसारख्या.

वाशीच्या ऑफिसातून मुबीन परकार यायचा.
सहा आठवडे परदेशात शिकून आलेला
आणि इथे शिकवण्याजोगं काही नसलेला.
एक खोकं उघडायचा, वायर जोडायचा,
हिरवा दिवा लागेपर्यंत बोलायचा नाही.
‘जिवंत आहे,’ म्हणायचा, आणि पुन्हा चिकटपट्टी.
एकदा म्हणाला, हे सुरू झालं ना,
की बोलताना समोरच्याचा चेहरा दिसेल.
त्या रात्रपाळीत मी स्टॉक रजिस्टरच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने लिहून काढलं, कुणाकुणाचा पाहायचा.
चार नावं झाली.
ऑडिटच्या आदल्या दिवशी खोडली.

गेटवर हसुराम भोईर.
फोर्कलिफ्ट वळते तिथे त्यांच्या बापाचा बांध होता,
हे ते नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगत.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायचा होता,
वारस नोंदवून झाले, मोजणी होऊन गेली, मोजणारेही गेले.
रोज विचारत, ‘मॅडम, खोक्यांचा काय झाला?’
जसं कुणाच्या घरी आजाऱ्याचं विचारावं.
मी म्हटलं, फाईल अडकलीय.
हसले.
‘यांची फाईल आजून पोर हाय.
माजीला नातवंडं झाली.’

मुबीन मस्कतला गेला.
तिथून फोन करायचा, आवाज तुटायचा,
मधल्या शांततेत आम्ही दोघंही
हॅलो हॅलो म्हणत राहायचो.

शेवटी एका उन्हाळ्यात झाला लिलाव.
पेपरात आलेली शून्यं
भोईर बोटांच्या पेरांवर मोजत बसले,
दुसऱ्या हाताचीही पेरं लागली.
दोन ट्रक आले. चाळीस खोकी गेली.
उरलेल्यांसाठी पत्र:
नवी आवृत्ती उपलब्ध असल्याने
सदर माल निर्लेखित करण्यात यावा.
मी लाल शाईने लिहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.
एकातही दिवा लावून पाहिला नाही.

भंगारवाल्याने यंत्रं नेली, फळ्यांची खोकी टाकली.
तीन भोईरांनी नेली.

सानपाड्याच्या गावठाणात गेले होते परवा.
परसात आडवी ठेवलीत, आत कोंबड्या.
बाण शेजाऱ्याच्या भिंतीकडे दाखवतात.
अंडी काढायला हात घातला तर
कोपऱ्यात एक पुडी, माझीच, राहून गेलेली,
पार गुलाबी.
भोईरांच्या सुनेकडून फुटका तवा मागितला, दाणे भाजले.
भाजले की पुन्हा निळे होतात,
हे बघायला तिची पोरं जमली.

मग त्या चिंधीत बांधून
भोईरांच्या कागदांच्या पिशवीत टाकल्या,
सातबारा, नोटिसा, पोचपावत्या,
सगळ्यांना दमट वास आला होता.
टिकायला हवेत.
पुढच्या महिन्यात परत बोलावलंय म्हणाले.